चार हात लांब

ही गोष्ट माझ्या आईच्या बाबतीत घडलेली आहे. सांगोवांगीची नाही.

आई नर्स होती. सगळी नोकरी तिने दवाखान्यात काढली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ती तोंडावर म्हणायची, "पोट साफ ठेवा, भुतं दिसायची बंद होतील." अशी बाई एखादी गोष्ट सांगताना मधेच दाराकडे बघते, तेव्हा ऐकणाऱ्याने हसू नये.

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी. मलाही सोडून देता आली असती तर बरं झालं असतं.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. दिवेलागणीची वेळ. जागा म्हणजे माझ्या मावशीचं घर... दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीशी मावशीचं शिलाई मशीन. आणि मशीनच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीला टेकून, एक लाकडी खुर्ची.

ती काकांची खुर्ची. काका म्हणजे मावशीचे मिस्टर. महिन्यापूर्वी त्याच खुर्चीत, हातात चहाचा कप असताना, ते गेले. मावशी मशीनवरूनच म्हणाली होती, "आणखी घालू का?"

उत्तर आलं नाही.

काका पाणीपुरवठ्यात फिटर होते. दिवसभर पाइपांशी मारामारी, आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा. साधा, काळ्या प्लास्टिकचा, रोलचा कॅमेरा. बघायचं आणि दाबायचं, दुसरं काही त्यात नव्हतंच. वरच्या कोपऱ्यात फ्लॅश. त्याचं बटण सरकवलं की आतून बारीक आवाज यायचा... कींऽऽऽ... चढत चढत तो ऐकू येईनासा झाला, की मागचा नारिंगी दिवा लागायचा. मग दाबायचं.

एवढ्याशा डबड्याचा काकांना कोण अभिमान! समोरच्यांना दम भरायचे, "चार हात लांब! या भिंगाला जवळचं दिसत नाही, धूसर येतं." दुसऱ्या कुणी बघायला म्हणून कॅमेरा घेतला की जीव टांगणीला, लगेच काढून घ्यायचे. "बोट, बोट! भिंगासमोर बोट येतंय!" आणि शेवटी सगळ्यांना, "हलू नका..."

खटका. उजेड.

"झालं. आता हला."

आम्ही मावस-चुलत भावंडं त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. काका रागवायचे नाहीत. उलट आमच्या नकलेचा फोटो काढायचे.

पण काकांचा स्वतःचा फोटो मात्र नव्हता. काढणारा फोटोत येणार कसा? लग्नातला एक होता, पण त्यात बिनमिशीचा, काडीसारखा एक पोरगा उभा होता, त्याला काका म्हणायची कुणाची छाती झाली नसती. ओळखपत्रावरचा चेहरा एकदा पाइप फुटला तेव्हा भिजून गेला होता.

त्या संध्याकाळी मावशी आईला म्हणाली, "मला यांचा चेहरा आठवेनासा झालाय गं."

"असं होतं ताई. थोडे दिवस होतं."

"डोळे मिटले की कॅमेराच दिसतो. चेहऱ्यासमोर धरलेला."

दवाखान्यात आईने रोज मरण बघितलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या घरचं.

मग मावशीने कपाटातून कॅमेरा काढला. "यात एक आहे यांचा. जायच्या आदल्या आठवड्यात मी हिसकावून घेतला होता कॅमेरा. याच खुर्चीत काढला. हसत होते नुसते. पण रोल अजून संपलेला नाही, आणि मधेच उघडला तर सगळं जळतं."

"मग संपवून टाकू. खिडकी काढ, मशीन काढ, माझा काढ."

"नाही," मावशी म्हणाली. "खुर्ची काढते."

आई दाराजवळच्या स्टुलावर चहा घेऊन बसली. मावशी मशीनशी उभी राहिली. कॅमेरा डोळ्याला लावला. फ्लॅशचं बटण सरकवलं.

कींऽऽऽ...

नारिंगी दिवा. खटका. रिकामी खुर्ची क्षणभर पांढरीफटक झाली.

मावशीने अंगठ्याने चाक फिरवलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. शेवटी चाक अडलं. रोल संपला. तिने फ्लॅशचं बटण मागे सरकवलं आणि मशीनच्या स्टुलावर बसून कॅमेरा मांडीवर ठेवला.

कींऽऽऽ...

"ताई, बंद कर ना तो."

"केलाय."

आईने कान दिला. आवाज येत होता. बारीक, चढत जाणारा. पण कॅमेऱ्यातून नाही...

समोरून.

खुर्चीकडून.

मग तो चढत चढत ऐकू येईनासा झाला. तुमच्याही लक्षात आलं असेल, आवाज बंद होतो म्हणजे काय होतं ते. फ्लॅश तयार होतो. आईने उठून खोलीतले होते नव्हते तेवढे दिवे लावले, आणि मावशीला जेवायला उठवलं.

फोटो आणायला दोघी गेल्या. स्टुडिओवाला काकांचा दोस्त. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असायचा. त्या दिवशी त्याने पाकीट काचेवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

"बाई, तुमच्याकडे दुसरा कॅमेरा आहे का?"

"नाही. का?"

"बघा तुम्हीच."

काकांचा फोटो आला होता. खुर्चीत बसलेले, अंगात कामाचा शर्ट... आणि चेहऱ्यासमोर हाताचा पंजा. नको-नको म्हणत आडवा धरलेला. पंजा एवढा स्वच्छ आला होता की हातावरच्या रेषा मोजाव्यात. चेहरा त्याच्या मागे. कानाची पाळी तेवढी दिसत होती.

मावशी खाली बसली.

आणि मग आईने पुढचे फोटो बघितले. खुर्चीचे.

खुर्ची त्यात नव्हती.

मावशी होती. मशीनपाशी उभी, कॅमेरा डोळ्याला लावलेली. तिच्या मागे खिडकी. एका कडेला दाराजवळच्या स्टुलावर कप घेऊन बसलेली आई. सगळे फोटो तसेच. जणू कोणीतरी खुर्चीत बसून दोघींचा काढला होता.

खोलीत दोघीच होत्या. आई तिथेच होती, आणि आईचा कपही होता.

"हेच!" मावशी एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बघितलंस? हेच काढतायत माझे. गेले तरी सवय सुटली नाही मेली."

आईला बहिणीचं ते हसू मोडवेना. पण मावशीच्या घरी परतताना तिला काहीतरी खुपत राहिलं. घरी आल्यावर कळलं, काय ते. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक मातकट गुलाबी डाग होता. भिंगासमोर आलेलं...

बोट.

आईने काकांचे सगळे अल्बम जमिनीवर मांडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले. माणसं डोळे मिटलेली होती, पोरं रडकी होती, पण एका फोटोत बोट असेल तर शपथ.

"ताई, भाऊजींचं बोट कधी मधे आलंय का गं?"

"मेलेल्या माणसाच्या बोटांचं काय घेऊन बसलीस!" मावशी खेकसली. आणि नवा रोल आणायला निघून गेली.

आईची रजा संपली. ती आमच्या गावी परत आली, ड्युटीवर रुजू झाली. फोन केला की मावशी म्हणायची, "बरी आहे." पुढे पुढे फोन वाजत राहायला लागला. शेजारीण म्हणाली, "आहेत घरात. दिवसाढवळ्या खिडकीतून विजेसारखं चमकतं अधूनमधून." तशी आईने बॅग भरली.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईला मशीनवर धूळ दिसली. शिवायला आलेले गणवेश गाठोड्यातच. पलंगावर फोटोच फोटो, ओळीने मांडलेले. मावशी मशीनच्या स्टुलावर बसली होती, खुर्चीकडे तोंड करून. गालाची हाडं वर आली होती.

आईने फोटो बघितले.

सगळ्यांत मावशीच. पण पहिल्या ओळीतले खुर्चीतून काढलेले. नंतरचे खुर्चीच्या पुढून. त्यानंतरचे खोलीच्या मधून. मग नुसता मावशीचा चेहरा. मग चेहराही धूसर...

शेवटच्या फोटोत फक्त फिकट कातडी होती. आणि अर्ध्या फोटोवर बोट.

चार हात लांब, म्हणायचे काका. हे जे कोण होतं, ते हातभरही लांब नव्हतं.

आई घाबरली की कामाला लागते. तिने टेबलावरचा कॅमेरा उचलला, मागचं झाकण उघडून सेल काढले, सेल एका खिशात आणि कॅमेरा बॅगेत तळाशी घातला. चेन ओढली.

"ऊठ ताई. माझ्याकडे चल. हे भाऊजी नाहीत. भाऊजी असते तर इतकं जवळ आले असते का?"

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. अगदी शांतपणे. "पहिल्याच रोलला कळलं होतं. यांचं बोट कधी मधे येत नाही."

"मग कशाला काढत बसलीस?"

"वाटलं, मधेच कधीतरी यांचा येईल. एक तरी. चेहरा दिसेलसा."

आईला रडू फुटलं. तिने मावशीचा दंड धरला, ओढली. मावशी जागची हलेना. मान ताठ. पापणीही लवत नव्हती. आणि ओठ न हलवता, ती पुटपुटली...

"हलू नकोस."

"काय?"

"मी नाही म्हणत. ते म्हणतंय." मावशीची नजर हळूच आईवर आली. "तुला म्हणतंय."

आईचे हात जागच्या जागी थांबले.

कींऽऽऽ...

बॅग तिच्या पायाशी होती. सेल तिच्या खिशात होते. आवाज बॅगेतून येत नव्हता. खुर्चीकडूनही नाही. तो तिच्या डाव्या गालापाशी होता, केसांत डास शिरावा तसा. चढत गेला... चढत गेला...

बंद झाला.

उजेड.

उजवीकडच्या भिंतीवर आईची सावली उमटली आणि गेली. गालाला ऊब लागली. फ्लॅशची काच ताजी ताजी हाताला लागते ना, तशी.

"झालं," मावशी म्हणाली. "आता हल."

आणि उठली. अंग झटकलं. ताप उतरलेल्या माणसासारखा तिचा चेहरा मोकळा झाला होता. स्वतःच कपडे भरले, गॅस बघितला, खिडकी लावली. जिन्यात म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाही गं. काहीतरी खाऊया का?"

त्यानंतर मावशी आमच्याकडेच राहिली. शेवटपर्यंत. मजेत राहिली. आमचे कपडे शिवले, पत्त्यांत लबाड्या केल्या. काकांचा तो पंजावाला फोटो आमच्या भिंतीवर आहे. पाहुणे हसतात. मावशीही हसायची.

बदलली ती आई. घरात रिकामी खुर्ची असली की ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची. "खुर्च्यांना शिक्षा केलीय का?" म्हणून आम्ही चिडवायचो. मी मोठा झाल्यावर एका दुपारी तिने मला हे सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तो माझा फोटो कुठेतरी आहे रे. कुठे धुतला, कुणी बघितला, माहीत नाही."

मावशी गेल्या वर्षी गेली. आई आता थकली आहे. गेले काही महिने नीट जेवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

परवा कामावरून आलो. दिवेलागण झाली होती. आईच्या खोलीत अंधार होता. बटणाकडे हात नेला आणि लक्षात आलं, कोपऱ्यातली खुर्ची फिरवलेली आहे. पलंगाकडे तोंड करून.

आई पलंगावर ताठ बसली होती. हात मांडीवर.

"आई, ही खुर्ची कोणी फिरवली?"

तिने मान वळवली नाही. फक्त नजर माझ्याकडे आली. ओठ जरासे थरथरले.

मला कळलं. विचारावंसुद्धा लागलं नाही. हात हवेत तसाच ठेवून मी उंबऱ्यात उभा राहिलो.

मी हललो नाही.

उजेड कुठून आला ते मला सांगता येणार नाही. फार जवळून आला, एवढंच.

"झालं," आई म्हणाली. "आता हल. चहा टाकतोस का? भूक लागलीय मला."

तेव्हापासून आई मजेत आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते, झोपही चांगली लागते. डॉक्टरांनाही नवल वाटतंय.

घरातल्या सगळ्या खुर्च्या मी देऊन टाकल्या आहेत. हे जमिनीवर बसून लिहितोय.