शोषगादी भरली आहे

दर रविवारी सकाळी कैवल्य बुरगुटे आपल्या बहिणीची कातडी छापायचा.

बार्शीतल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत छपाईचं यंत्र होतं. बहिणीचा, इरावतीचा, आजार जन्मापासूनचा. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारं प्रथिन तिच्या शरीरात तयारच होत नसे. कपड्याची शिवण घासली तरी फोड यायचा आणि कातडी सुटून हातात यायची. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तिच्या त्वचेतल्या थोड्या पेशी घेतल्या, त्यांतला दोष दुरुस्त केला आणि त्या एका कुपीत भरून दिल्या. कुपीतल्या या द्रवाला म्हणायचे पेशीशाई. कुपीत या पेशी उबेत राहायच्या, अन्न घ्यायच्या, विभागून वाढायच्या. त्यामुळे शाई कधी संपत नसे. कागदावर शाईचे बारीक थेंब उडवणारे जुने प्रिंटर असत, तसंच हे यंत्र जखमेवर जिवंत थेंब उडवायचं. आठवडाभरात तिथे त्वचा धरायची.

छपाईआधी यंत्र आपली छिद्रं साफ करायचं. त्या वेळी थोडी शाई वाया जायची आणि तळाच्या जाड गादीत मुरायची. ती शोषगादी. किती शाई वाया गेली हे एक काउंटर मोजत असे.

एका रविवारी पडद्यावर अक्षरं आली : शोषगादी भरली आहे. यंत्र सेवाकेंद्रात न्यावे.

सेवाकेंद्र उरलंच नव्हतं. कंपनी कधीच बंद पडली होती.

कैवल्य कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने तळाचं झाकण उघडलं, ओली गादी काढली, निर्जंतुक कापसाची नवी बसवली. तरी पडद्यावर तीच अक्षरं. यंत्राला गादी दिसतच नव्हती, त्याला फक्त आकडा माहीत होता.

"कंपनीची लबाडी आहे ही," तो इराला म्हणाला. "गादी बदलली तरी अडून बसलंय."

"मग आता रे, दादा?"

"आता आकडाच शून्य करायचा."

त्याला तीन रविवार लागले. तोवर इराची पाठ उघडी पडली होती, ती पालथी झोपत होती. काउंटर शून्य झाला आणि यंत्र घुरघुरलं, तेव्हा दोघंही रडले. हाच आजार असलेल्या घरांचा एक गट होता. कैवल्यने ही रीत तिथेही समजावून सांगितली. गावोगावची अडलेली यंत्रं सुरू झाली.

ते वर्ष फार चांगलं गेलं. नवी कातडी पक्की होती. पस्तिशी ओलांडलेली इरा शाळेच्या मैदानावर सायकल शिकली. पडली, गुडघा खरचटला, आणि तो साध्या माणसासारखा बरा झाला. ती खरचटलेली जागा तिने येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

मग खांद्यामागे एक गाठ आली. मग दुसरी.

सोलापूरच्या डॉ. गझाला तांबोळींनी तपासणीचे निकाल बाजूला ठेवले आणि विचारलं, "काउंटर शून्य केला होता का?"

"हो. पण गादी आधी बदलली होती. स्वच्छ कापूस घातला होता."

"गादीचा प्रश्नच नव्हता, बुरगुटे. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी भरून काढायला कुपीतल्या पेशींना पुन्हा विभागावं लागतं. दर विभागणीत नकलेत थोड्या चुका राहतात. त्या साठत जातात आणि एका टप्प्यानंतर पेशीला थांबायचं कळेनासं होतं. बाहेर किती गेलं यावरून आत किती वय झालं ते ताडता येतं. तो काउंटर पेशींचं वय मोजत होता."

"मग तसं लिहायचं ना! गादी भरली असं का लिहिलं?"

"लोक घाबरतील म्हणून. गादी भरली हे कुणालाही पटतं."

कैवल्यने विचारलं, "नवी कुपी?"

"पेशी दुरुस्त करणारी प्रयोगशाळाच राहिली नाही. गाठी मी काढते. पण छपाई थांबवली तर..." त्यांनी इराकडे पाहिलं.

"तर मला कातडी नाही," इरा म्हणाली. "किती दिवस निघतील?"

"उघड्या जखमांनी फार नाहीत. छापत राहिलात तर त्यापेक्षा जास्त. पण शेवट या गाठींनीच होईल."

घरी येताच कैवल्यने गटातल्या घरांना फोन लावले. जे कळलं ते जसंच्या तसं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी फोन ठेवून दिला. परभणीच्या शेख रियाज यांनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"सर, यंत्र बंद करू म्हणता?"

"मी... हो. धोका आहे."

"माझी पोरगी आत्ता अंगणात खेळतेय. बंद केलं तर पुढच्या महिन्यात मी तिला कसं उचलू? कुठे हात लावू, ते सांगा."

कैवल्यने फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. संध्याकाळपर्यंत सगळे फोन झाले. एकाही घराने यंत्र बंद केलं नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गाठी काढल्या; ती जागा उघडी होती. रविवारी इरा नेहमीसारखी येऊन पालथी पडली.

"इरे, मला नाही जमणार."

"मग मीच करते. पण पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही, दादा."

वर्षभरात आकडा पुन्हा भरला होता, पडद्यावर तीच अक्षरं होती. कैवल्यने आकडा शून्य केला, हात धुतले आणि छपाई सुरू केली. थेंब पडताना ती डोळे मिटून होती. गार वाटतंय, म्हणाली.

त्वचा धरायला आठवडा लागायचा. या वेळी बुधवारीच धरली होती. गुलाबी, उबदार, कुठेही न सुटणारी. बोट ठेवलं तेव्हा कैवल्यला ती कडांपाशी थोडी पुढे सरकल्यासारखी वाटली.