कापलेलं वाक्य

अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा होता. बोईसरला, सरावलीच्या बाजूला, एकनाथचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एकच खोली; भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली. कॉम्प्युटर आल्यापासून टेप कापायची-चिकटवायची कटकट संपली होती. गायलेला आवाज आता पडद्यावर हिरव्या लाटांसारखा दिसे. नको तो तुकडा माउसने निवडायचा, बटण दाबायचं. सांधा कुठे होता हेही कुणाला कळत नसे.

लग्नाच्या गाण्यांची कॅसेट काढायची म्हणून एका दुपारी तो दांडी गावाहून हिरामावशीला रिक्षाने घेऊन आला. म्हातारी कोळीण, पण हळदीत तिने गाणं उचललं की बाकीच्या बायका आपोआप गप्प व्हायच्या. घरघर माइकमध्ये येते म्हणून एकनाथने पंखा बंद केला, दार लावलं. गाणी छान होत गेली. शेवटच्या गाण्यात मधली ओळ म्हणून मावशी थांबली.

"दादा, जरा दार उघडा... जीव घाबरतो माजा."

"एवढं गाणं संपवा, मावशी. मग उघडतो."

तिने संपवलं. घामाने भिजलेली, भिंतीला धरून ती बाहेर पडली, आणि त्याच रात्री वारली.

निरोप आला तेव्हा एकनाथ आधी कॉम्प्युटरपाशी गेला. ती दोन्ही वाक्यं त्याने पुसून टाकली, ओळींमध्ये क्षणभराची शांतता तेवढी ठेवली, आणि गाणं जतन केलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मग तो दांडीला गेला आणि खाली मान घालून मयताला उभा राहिला.

तेरावं उरकल्यावर मावशीची मुलगी पुष्पलता आली. आई घरी येऊन एवढंच बोलली होती, की मी दार उघडायला सांगितलं, पण त्यांनी उघडलं नाही. ते मशीनमध्ये आलं असेल तर तिला ऐकायचं होतं. एकनाथने तिच्या कानाला हेडफोन लावून गाणं ऐकवलं. ओळीमागून ओळ नीट येत गेली. संपल्यावर तिने हेडफोन काढला.

"मंग आई खोटं बोलली?"

"तब्येत बिघडलेली... भ्रम झाला असेल," एकनाथ म्हणाला.

तिने मान डोलावली. त्याचे आभार मानून गेली. ते आभार त्याला फार लागले.

तो मास्टरिंगला बसला. सगळ्या गाण्यांचे आवाज सारखे करायचे, शेवटचा हात फिरवायचा, की कॅसेट तयार. शेवटच्या गाण्यात ती शांतता आली. पडद्यावर सरळ रेघ होती. कानात मात्र कुणीतरी श्वास ओढला. लांब, ओला, घशात अडकणारा. त्याने तो तुकडा कापला. पुन्हा लावलं. श्वास अजून लांबला होता. बंद खोलीत घामाचा आणि सुक्या मासळीचा वास दाटत गेला. त्याने दार सताड उघडलं, तरी वास हलेना.

शेवटी तो माइकसमोर बसला. मावशीने दार उघडायला सांगितलं होतं, मी उघडलं नाही, हे तो स्वतःच्या आवाजात बोलला. गाण्याला जोडून पुष्पलताला द्यावं, एवढंच मनात होतं. मग ऐकायला लावलं. खुर्चीची करकर आली होती, रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न आला होता, कंपनीचा भोंगाही. त्याच्या बोलण्याच्या जागी तेवढी सरळ, स्वच्छ रेघ. माइक तपासायला 'हॅलो, हॅलो' म्हटलं, तर ते खणखणीत आलं.

तसाच उठून त्याने दांडी गाठली. पुष्पलता अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. एकनाथ तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळं बोलला. दार, पंखा, पुसलेली वाक्यं, तिला सांगितलेलं खोटं. बोलता बोलता तो रडू लागला.

पुष्पलता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दादा, तुमी नुसते ओठ हलवताय," ती हलकेच म्हणाली. "बोललेलं कायच ऐकू येत नाय. नुसता श्वास येतो... आनि तो..."

हातातला बोंबील खाली पडला. ती एक पाऊल मागे सरली.

"तो तुमचा नाय."