झाकणाच्या आतल्या तारखा

घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ती बंद पडलेली नसतेच. एकतीस वर्षं मी या धंद्यात आहे, सरोवराकाठच्या आमच्या गावात मी उतरलो नाही असं तळघर शोधावं लागेल, म्हणून सांगतो. कुणीतरी जिन्यावरचं लाल बटण दिव्याचं समजून बंद केलेलं असतं, कुणाच्या फिल्टरमध्ये कुत्र्याच्या केसांचं घोंगडं झालेलं असतं. दहातली नऊ कामं अशीच. लोक मात्र फोनवर असे बोलतात की घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय.

रूना थोरलाकसनचा फोन आला तेव्हा जानेवारीतल्या सकाळचे साडेआठ वाजले होते. बाहेर उणे चौतीस. ऊन लख्ख, पण कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबात आकाश जितकं निरभ्र तितकी थंडी वाईट. रूना म्हणाली की थर्मोस्टॅट काळा पडलाय, आकडाच दिसत नाही, खाली भट्टी गप्प आहे. आणि दहा वाजता कॅलगरीहून एगिल फोन करणार आहे.

एगिल हा तिचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी रूनाच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तो तिला वृद्धाश्रमात हलवायच्या मागे लागला होता. एका अटीवर थांबला होता. हिवाळ्यात घर एकदाही गार पडता कामा नये. पडलं, की घर विकायचं. शहाऐंशी वर्षांची ती बाई त्या घरात नवरी होऊन आली होती. तिला तिथून उचलून नेलं तर ती वर्षही काढणार नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर त्या घराची पायरी चढायला मला तोंड नव्हतं. रूनाचा नवरा लाऊगी माझा गुरू. पत्रा कापण्यापासून गिऱ्हाइकाशी खरं बोलण्यापर्यंत सगळं त्यानं शिकवलं. माझ्या डब्यातल्या लसणाच्या वासावरून मला छळलंही तितकंच. अकरा वर्षांपूर्वी तो गेला, त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात माझं मनगट धरून म्हणाला होता, "ओरेस्ट, दर ऑक्टोबरला रूनाची भट्टी साफ करत जा. बाकी काही नको." मी हो म्हटलं. पहिल्या वर्षी काम फार होतं म्हणून गेलो नाही. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी गेलो नाही म्हणून गेलो नाही. पुढे तर दुकानात रूना दिसली की मी दुसऱ्या रांगेत वळायचो.

तिनं दार उघडलं. अंगात नवऱ्याचा जाडजूड कोट, हात वॉकरवर. माफी कशी मागायची ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण तीच आधी बोलली.

"ऑक्टोबरात तर करून गेलास. मग तीन महिन्यांत काय झालं हिला?"

मी एक बूट काढून तसाच उभा राहिलो. "मी?"

"नाहीतर कोण? चांगला तासभर खाली खडखड करत होतास. दर वर्षी बाजूच्या दारानं येतोस, तसाच जातोस. जिन्याच्या तोंडाशी केक ठेवते, त्याला हात नाही. सुक्या आलुबुखाराचे सात थर लावते रे मी, या हातांनी. आमचा केक तुझ्या घशाखाली उतरत नाही का?"

या वयात माणसाला कसलेही आवाज येतात, अशी मनाची समजूत घातली आणि कामाला लागलो.

स्वयंपाकघरातल्या तापमापकावर अकरा अंश होते. फ्यूज ठीक. जिन्यावरचं लाल बटण चालू. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला वीज भट्टीतूनच येते, म्हणजे दुखणं खालीच होतं. विजेरी घेऊन मी उतरलो. तळघरात नेहमीचाच वास होता, ओलसर सिमेंटचा आणि कोंब फुटलेल्या बटाट्यांचा. पण त्यावर आणखी एक वास तरंगत होता, तिखट, नाकात चढणारा. मार्कर पेनच्या शाईचा. नुकतं कुणी काही लिहून गेल्यासारखा.

भट्टीपाशी पोचलो आणि हसूच आलं. पुढचं पत्र्याचं झाकण खालच्या खाचेत नीट बसलंच नव्हतं. बोटभर फट. या झाकणामागे एक बटण असतं. झाकण घट्ट बसलं तरच ते दाबलं जातं. नाहीतर भट्टी मेल्याचं सोंग घेते आणि वरचा थर्मोस्टॅटही काळा पडतो. दहातल्या नवांपैकीच एक. मी झाकण उचललं. खाचेतून काहीतरी टप्पकन पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. मार्कर पेनचं काळं टोपण.

मग मी झाकण उलटं केलं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. भट्टी उघडली की झाकणाच्या आतल्या अंगाला तारीख आणि केलेलं काम लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला कळतं. वरचा अर्धा पत्रा लाऊगीच्या अक्षरानं भरला होता. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ द्यायची त्याची खोड. त्याच्या शेवटच्या ऑक्टोबरनंतर पत्रा कोरा असायला हवा होता. तसा तो नव्हता. पुढचे अकरा ऑक्टोबर तिथं ओळीनं लिहिलेले होते. साफ केली, ठीक आहे. साफ केली, ठीक आहे. सातांना आडवी रेघ.

माझी खोड अशी की घाबरण्याआधी मी तपासतो. थुंकी लावून अंगठा घासला. जुन्या ओळींच्या शाईवर गंज चढला होता, म्हणजे एका दिवसात बसून कुणी हे लिहिलेलं नव्हतं. ज्योत ओळखणारी सळई बाहेर काढली. ती पोलादी लोकरीनं घासून चकचकीत केलेली. गावात तशी फक्त लाऊगी घासायचा, आम्ही बाकीचे पॉलिश पेपर वापरतो. रूनाला जिना उतरता येत नाही. एगिलला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा ते माहीत नाही. बाजूच्या दाराची कडी आतून होती, गंजून जाम झालेली. मी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली... हलली नाही.

विजेरी परत झाकणावर आणली तेव्हा सगळ्यात खालची ओळ दिसली. ती ऑक्टोबरची नव्हती. तारीख आजची होती. कामाच्या जागी एवढंच लिहिलं होतं... ओरेस्टला बोलावलं.

मी बोट टेकवलं. शाई बोटाला लागली.

झाकण खाचेत दाबून बसवलं. बटण खट् वाजलं, पंखा घरघरला, निळी ज्योत एकेक नळीत पेटत गेली. इतक्या सरळ पेटलेल्या भट्टीची मला त्याआधी कधी भीती वाटली नव्हती. वर फोन वाजला. दहा वाजले होते.

"ओरेस्ट, एगिलला तुझ्याशी बोलायचंय," रूनानं हाक मारली.

एगिलनं आडपडदा ठेवला नाही. "आई सांगते तुम्ही दर ऑक्टोबरला येता. तिला घरी राहायचंय म्हणून ती काहीही सांगेल. तुम्ही खरं सांगा."

रूना माझ्याकडे बघत होती. कोटाची बाही तिनं मुठीत धरून ठेवली होती.

"अकरा वर्षांत एकही ऑक्टोबर चुकलेला नाही," मी म्हणालो. "झाकणावर तारखा आहेत, आत्ताच पाहिल्या. आज झाकण सैल होतं, बसवलं. भट्टी उत्तम आहे."

"आणि पुढे?"

"पुढे मी येईन."

मग तो म्हणाला, "ठीक आहे. राहू दे तिला."

रूनानं फोन ठेवला. जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायला लागली होती. तिनं केकचे दोन तुकडे कापले, माझ्यासमोर ठेवले आणि हळूच म्हणाली, "तुझे गुडघे जिन्यावर कडकड वाजतात. ऑक्टोबरात कधी वाजले नाहीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं..."

"तू येत नव्हतास. कुणीतरी यायला नको?" तिनं कॉफी ओतली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "पण या वेळी फार दमला होता. घटकेघटकेला थांबत होता... आता तू आलायस. जाताना घेऊन जा त्याला."

मी दोन्ही तुकडे खाल्ले. चव कसली, ते आठवत नाही.

व्हॅन सुरू झाली तशी गाडीतली ती टुंग टुंग सुरू झाली. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजते ती. माझी हत्यारं मागे होती. शेजारची सीट रिकामी होती. खिडकीत रूना उभी होती, हात वर करून, पण तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या शेजारी होती.

टुंग टुंग थांबेना. शेवटी मी समोरच बघत हात लांबवला, पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला. रिकाम्या सीटवर पट्टा जेवढा ओढावा लागतो, त्यापेक्षा मला तो चांगला दोन वीत जास्त ओढावा लागला.