साहेबाच्या गवताला लेंडीखत

गोजा थबकलीच. तिच्या मेंढरांच्या मागोमाग एक तरणाबांड गडी वाकून लेंड्या वेचत होता... चक्क पाटीत भरत होता!

"ए चोरा! ठेव खाली!"

तो दचकला. पण पाटी सोडली नाही हो. उलट हसला, आणि मेल्याच्या गालावर खळी पडली.

"रस्त्यावरच्या लेंड्यांची बी चोरी हुती व्हय?"

"हुती की! लेंड्यांसाटी शेतात मेंढरं बसवली तर शेतकरी आमाला जवारी देतो. कुटल्या शेताला नेतोस?"

"शेत न्हाय. गवताला."

गोजाचा हात तोंडावर गेला. गवताला खत?

हा सिदू. जातीचा धनगर, माळशिरसकडचा. पण सोलापुरात साहेबांच्या क्लबात माळी. तिथलं टेनिसचं मैदान पिवळं पडलं होतं, आणि पंधरा दिवसांत हिरवं झालं नाही तर नोकरी गेली, असा हुकूम होता.

"आन् ह्ये गवत खातं कोन?"

"कुनी न्हाय. वाढलं की कापून टाकायचं."

"अगं बया!"

तिला राहवेना. कुंपणापर्यंत गेली, आत डोकावली आणि किंचाळलीच. पिवळ्या गवतात जागोजाग करपलेले डाग!

"ताजं खत घातलंस? जाळलंस की रं! धनगराचा हाईस का कोन?"

"बा लहानपनीच गेला," सिदू मान खाली घालून म्हणाला. "मेंढरं चुलत्यानं इकली. शिकिवनार कोन?"

गोजाचा राग कुठल्या कुठे पळाला. वेडं पोर, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी ती येऊ लागली. मेंढरांचा तळ पडला होता त्या मळ्यातलं कुजून काळं झालेलं जुनं लेंडीखत, मळेवाल्याला विचारून, पाटीभर आणायची. दोघं ते चाळायचे, पसरायचे, वर पाणी शिंपडायचे.

"मूठ अशी सोडायची..." तिनं त्याचं मनगट धरलं — आणि सोडायचंच विसरली.

"तुज्या बाला जावई कसा पायजे?" सिदूनं हळूच विचारलं.

"दारात मेंढरं असलेला. मेंढरू न्हाय, त्याला पोरगी न्हाय म्हनतो."

सिदू झारी उचलून पाण्याला निघून गेला.

पंधराव्या दिवशी मैदान हिरवंगार! साहेबानं मान डोलावली. नोकरी वाचली. पण त्याच दिवशी तळ नातेपुत्याकडं हलणार होता. गोजा निरोप घ्यायला आली, तर मागोमाग तिचा बाप, श्रीमंत त्याचं नाव, काठी टेकत क्लबाच्या दारात उभा!

श्रीमंत आत आला, उकिडवा बसला. गवत दाबून पाहिलं, चिमूटभर माती उकरून हुंगली.

"कुनी शिकिवलं रं तुला?"

खोटं बोलायला काय जात होतं? पण सिदू म्हणाला, "तुमच्याच पोरीनं. पंधरा दिस रोज येती."

मेल्या, काय बोलून बसलास! गोजानं डोळे गच्च मिटले.

"माज्या दारात मेंढरू न्हाय, मामा. तरी बी... पोरगी मागतो."

श्रीमंत दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"आन् मला वाटलं, पोरगी पान्याला जाती!" तो उठला. "मेंढरू न्हाय तुज्याकडं, पर खरं बोलतोस. मग ठिवून घे की हितंच. पुन्यांदा गवत पिवळं पडलं, तर हिला नातेपुत्याहून आनायचं कुनी?"

गोजा आ वासून बघतच राहिली. पंधरा दिवस तोंडाचा पट्टा चालवणारी ती पोरगी एकाएकी रडायलाच लागली.

"बा... आता मेंढरं कोन हाकनार?"

"माजं पाय मोडल्यात व्हय?" असं म्हणत श्रीमंतानं तोंड फिरवलं, आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.