पियूष उठू नये म्हणून

नरेशला प्रमोशन मिळालं, म्हणून तिघा मित्रांनी जुनवानी भागातल्या नव्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये जेवायचं ठरवलं. नरेश, हेमराज आणि पियूष एकाच दिवशी स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागलेले. सुपेला बाजारातल्या ठेल्यावर उभ्या उभ्या चाऊमिन खाण्यातच त्यांचं तरुणपण सरलं होतं. इथे मात्र लाल रेशमी पडदे होते, कंदिलांचा मंद उजेड होता आणि वाडगे इतके नाजूक, की हेमराजला उचलायची धास्ती वाटली.

पियूष नंदिनी नगरहून मोटारसायकलने येणार होता. डिसेंबरची संध्याकाळ, बाहेर धुकं उतरत होतं. बऱ्याच उशिराने तो आला आणि खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक.

"थंडी लय आहे बे," तो म्हणाला.

वेटरने वाफाळतं सूप वाढलं. पियूषने वाडगा तोंडाला लावून एका दमात रिकामा केला.

"अबे, तोंड भाजंल ना!" नरेश ओरडला.

"गरम नाही लागून राहिलं..."

हेमराजच्या नाकात ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास शिरला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पियूषची बायको, मोना. तो उठून पडद्यापाशी गेला.

"भाऊजी, लवकर या... नंदिनी रोडवर यांच्या गाडीले ट्रकनं उडवलं. आयसीयूत आहे. मी खाटेपाशीच उभी आहे."

"कोण... पियूष?"

"अजून कोण, भाऊजी!" ती रडू लागली. "नाडी बुडते, मग परत येते. डॉक्टरलेही काही समजून नाही राहिलं."

हेमराजने वळून टेबलाकडे पाहिलं. पियूष मोमो खात होता. मग त्याने तोंड पुसायला काटा खाली ठेवला.

"गेली!" फोनवर मोना किंचाळली. "नाडी गेली, भाऊजी..."

पियूषने काटा पुन्हा उचलला.

"आली... आली."

"वहिनी, फोन चालूच ठेवा," हेमराज कसंबसं बोलला. टेबलाशी येऊन त्याने नरेशच्या कानात सगळं सांगितलं. नरेश पळाला नाही. त्याने पियूषची प्लेट भरली.

"खा ना बे. माही पार्टी आहे आज."

मग ते मागवतच राहिले. नूडल्स, भात, आख्खा वाफवलेला मासा. पियूष गुणी लेकरासारखा मान खाली घालून खात होता. फोन हेमराजच्या कानाला होता आणि पलीकडून मशीनची बारीक टीं टीं ऐकू येत होती. पेट्रोलचा वास आता इतका दाटला होता, की त्याने नाकाला रुमाल लावला.

"बस झालं," पियूष म्हणाला.

"एक घास. माह्यासाठी," हेमराज काकुळतीला आला.

पियूषने तो घास घेतला. खूप वेळ चावत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"मले माहीत आहे, तुम्ही काहून खाऊ घालून राहिले..." तो हळूच म्हणाला. "पण आता उतरून नाही राहिलं रे."

तो उठला. नरेशने झडप घालून त्याचं मनगट पकडलं, दोन्ही हातांनी, जीव खाऊन.

"जाऊ नको बे... पियूष..."

"हात धुवून येतो."

नरेशच्या मुठी आवळलेल्याच होत्या, पण त्यांत काहीच नव्हतं. पडदा हलला आणि स्थिर झाला. फोनमधली टीं टीं एकसलग लांबत गेली. मग मोनाचा हंबरडा ऐकू आला.

दोघं हॉस्पिटलात पोचले तेव्हा मोना बाकावर बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. हेमराज तिच्यासमोर खाली बसला.

"जाता जाता डोळे उघडले होते, एकदाच," ती म्हणाली. "वाटलं, मले काही सांगतील. पण माह्याकडे पाहिलंच नाही, भाऊजी. कोपऱ्यात कोणीच नव्हतं, तिकडं पाहून पुटपुटले..."

"काय म्हणाला?" नरेशने विचारलं.

मोनाने आधी नरेशकडे पाहिलं, मग हेमराजकडे.

"म्हणाले, तिघांची जागा ठेवा... ते दोघंही निघालेच आहे."