वारा यादीत नव्हता

महायुद्ध जिंकलेल्या लोकांनी जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या त्या छोट्या संस्थेतून विमानं तपासायचा हवेचा बोगदा उचलून नेला, तेव्हा काम अगदी नीटनेटकं केलं. आधी यादी केली. पंखा, मोटर, पत्र्याची नळकांडी, तराजू, शेवटी दारामागची कोट अडकवायची खुंटीसुद्धा. सगळं पेट्यांत भरलं, पेट्यांवर आकडे घातले आणि रीतसर पावती देऊन गेले. मागे उरलं एक लांबलचक रिकामं दालन, भिंतीत फळ्या ठोकून बुजवलेलं एक गोल भोक, आणि खिडकीखाली जमिनीतून वर आलेले चार बोल्ट. पूर्वी विमानाच्या पंखाचा नमुना तिथे वाऱ्यात उभा करायचे.

वर जर्मन माणसाला विमानाचं संशोधन करायला बंदी आली. संस्थेतल्या मंडळींनी ती मनापासून पाळली. विमान हा शब्दच कोणी काढीना. निबंधात 'वाऱ्यात आडवी धरलेली एक लांबट वस्तू' असं लिहीत, आणि काम पूर्वीसारखंच चालू ठेवीत.

बोगदा गेल्याचं दुःख डॉक्टर लुडोल्फ ब्राखमानला मात्र झालं नाही. तो सिद्धान्तवाला होता. बोगदा धडधडत होता तेव्हाही तो त्यात कधी डोकावला नव्हता. घरून जेवून निघालेला माणूस खानावळीकडे बघतो, तसा तो प्रयोग करणाऱ्यांकडे बघे. जागेची टंचाई आली तेव्हा त्याचं टेबल त्या रिकाम्या दालनात सरकवलं गेलं, आणि त्याने तक्रार केली नाही. केली असती तरी कोणाच्या लक्षात आली नसती.

त्याचा विषय होता वेणी. वाहत्या पाण्यात खांब उभा केला की त्याच्यामागे पाणी घुसळतं. डावा भोवरा, उजवा भोवरा, पुन्हा डावा, अशी दुहेरी वेणी पडत जाते. लायने नदीच्या पुलावर वाकून बघितलं तर शाळकरी पोरालाही दिसते. खांबावरून वेणी सांगणं हे जुनं गणित झालं. ब्राखमानचं गणित उलटं होतं. समोर नुसती वेणी आहे, खांब दिसत नाही. तर तो कसा असेल, ते सांगायचं.

त्याचा प्रत्येक निबंध एकाच वाक्याने सुरू होई. 'निरीक्षकाचा प्रवाहावर होणारा परिणाम शून्य मानू.' बघणारा माणूसही शेवटी एक वस्तू असतो, तोही वारा अडवतो. पण तेही धरायचं म्हटलं तर गणित संपायचं नाही. म्हणून त्या धंद्यातले सगळेच तसं मानत आणि पुढे जात. ब्राखमान इतकी वर्षं मानत आला होता की जगानेही त्याच्या बाबतीत तेच धोरण स्वीकारलं होतं. खाटकाच्या दुकानात त्याच्या पुढच्या बाईनंतर त्याच्या मागच्या बाईचा नंबर लागे. संस्थेच्या मेजवानीच्या फोटोत तो होता, पण नेमका फुलदाणीमागे. आणि संध्याकाळ झाली की दरवान पिंकर्नेल दालनाचं दार उघडून आत एक नजर टाकी, "कोणी नाही," असं स्वतःलाच सांगे आणि दिवा घालवी.

"मी आहे," अंधारातून ब्राखमान म्हणे.

"अरेच्चा, हेर डॉक्टर!" साहेबाला जर्मनीत हेर म्हणतात. "आवाज तरी करत जा हो. एक दिवस कुलूप लावून जाईन न् तुमचा सांगाडा सापडेल."

"तो तरी दिसेल ना तुम्हाला?"

"ते उजेडावर आहे," पिंकर्नेल प्रामाणिकपणे सांगे.

त्याला न चुकता बघणारी एकच व्यक्ती होती. फ्राऊ, म्हणजे श्रीमती, गेझीने ओल्डेकॉप. हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर त्याची आकडेमोड ती करी. नवरा पूर्वेच्या आघाडीवरून परतला नव्हता. तिचं टेबल ब्राखमानच्या मागे होतं, त्यामुळे दिवसभर यंत्राची करकर त्याच्या पाठीवर पडत राही, आणि अधूनमधून बोलणीही.

"मफलर कुठाय?"

"घरी."

"घरी गळा आहे का तुमचा?"

एवढंच बोलणं. पण ब्राखमान ते संध्याकाळी खोलीवर नेई आणि बटाट्याच्या सूपाबरोबर पुरवून पुरवून खाई.

नोव्हेंबरात तिला ब्रेमेनहून बोलावणं आलं. जहाजाच्या गोदीत आकडेमोडीची नोकरी, पगार बरा, बहीण त्याच गावात. सोमवारी उत्तर कळवायचं होतं. ब्राखमानला तिला एकच वाक्य सांगायचं होतं. जाऊ नका. आठवडाभर तो ते मनात जुळवत होता आणि दर वेळी त्यात एखादी अट राहून गेल्याचं त्याला आढळत होतं. कशाच्या आधारे जाऊ नका? कोणासाठी?

शनिवारी दुपारी त्याला वारा दिसला.

दालनातली लोखंडी शेगडी जुनी होती. तिच्या नळीच्या सांध्यांतून कोळशाचा धूर पातळ पातळ थरांनी गळे. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात धुराचे थर सगळे एकाच दिशेला चालले होते. संथ, सरळ, एका चालीत. बुजवलेल्या भोकाकडून समोरच्या भिंतीकडे. बोगदा चालू असताना वारा वाहायचा तसे.

ब्राखमानने उठून फळ्यांवर हात ठेवला. एकही फट नव्हती. दारं बंद होती. बाहेर तर हवा इतकी निश्चल होती की लिंडेनच्या झाडाचं पान हलत नव्हतं. त्याने थोडा विचार केला. पंखा यादीत होता, मोटर यादीत होती. वारा यादीत नव्हता, म्हणून राहून गेला असेल. हा विनोद कोणाला तरी सांगावा असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात त्याला ती वेणी दिसली.

खिडकीखालच्या चार बोल्टांपाशी धूर दुभंगत होता. तिथे काहीही नव्हतं. तरी धूर डावीकडून आणि उजवीकडून वळसा घालून पुढे जात होता, आणि पुढे डावा भोवरा, उजवा भोवरा, पुन्हा डावा.

"फ्राऊ ओल्डेकॉप," तो म्हणाला, "जरा बघता?"

यंत्राची करकर थांबली. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. डोळे बारीक करून धुराकडे बघू लागली.

"तिथे कोणीतरी उभंय," ती शेवटी हळूच म्हणाली.

"कोणीतरी नाही म्हणता येत. एक अडथळा आहे, एवढंच."

"अडथळाच म्हणा. पण मान खाली घालून उभा आहे."

दुसरा कोणी असता तर पळाला असता. ब्राखमानला मात्र आयुष्यात पहिल्यांदा आपला विषय डोळ्यांनी दिसत होता, आणि ती शेजारी होती. भीतीला जागाच उरली नाही. जमिनीच्या फळ्यांवरून त्याने भोवऱ्यांमधली अंतरं घेतली. खालच्या थराची, मधल्या थराची, वरच्या थराची. तो आकडे सांगे आणि ती यंत्र फिरवी. इतका सुखाचा शनिवार त्याच्या वाट्याला आला नव्हता.

अडथळा हळूहळू कागदावर उभा राहिला. उंच, अरुंद. मान वाकलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला.

फ्राऊ ओल्डेकॉप हसायला लागली. "अहो, हे तर तुम्ही!"

"मी इथे आहे."

"दोन वर्षं तुमची पाठ बघतेय मी. हा खांदा मला ओळखता येणार नाही? एकाच बाजूला पिशवी धरून धरून उतरलाय."

"शेकडो लोकांचा खांदा उतरलेला असतो."

"मग उभं राहून बघू. आधी मी." ती शेगडीच्या पुढे, धुराच्या वाटेत जाऊन उभी राहिली. "पडतेय का माझी वेणी?"

पडत होती. धूर तिच्या दोन्ही खांद्यांवरून हळुवार वळला आणि तिच्यामागे भोवऱ्यांची दुहेरी रांग उलगडत गेली, थेट भिंतीपर्यंत. ब्राखमान बघत राहिला. आता बोलावं, असं त्याला वाटलं. जाऊ नका. अट नको, आधार नको.

"सुंदर आहे," तो म्हणाला.

"आता तुम्ही."

ती बाजूला झाली. तो तिच्या जागी उभा राहिला. धूर त्याच्याकडे आला.

आणि सरळ गेला.

छातीपाशी त्याला काहीच लागलं नाही. त्याने मागे वळून बघितलं. थर जसे आले होते तसेच पुढे चालले होते. न वळता. न घुसळता.

"फ्राऊ ओल्डेकॉप," तो म्हणाला. "जाऊ नका."

ती डोळे चोळत होती. "हेर डॉक्टर? कुठे गेलात?"

"इथे आहे. तुमच्या समोर."

तिची नजर त्याच्यावरून फिरली आणि शेगडीवर गेली. तिथून खिडकीकडे. तिथे ती थांबली. चेहरा सैल झाला.

"अच्छा, तिथे आहात. घाबरवलंत की." तिने कोट चढवला. "धुराने डोळे चुरचुरताहेत. ब्रेमेनचं मी सोमवारी सांगते. आणि मफलर आणा."

दार लागलं.

ब्राखमान रविवारी संस्थेत गेला नाही. खोलीवर बसून राहिला. मालकिणीने सूप आणलं नाही. ते तर ती कधीकधी एरवीही विसरे. शेगडीचा धूर, थकलेले डोळे, तिरपं ऊन. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. त्याने सगळी कारणं मांडून बघितली आणि त्याला जरा बरं वाटलं.

सोमवारी मफलर गुंडाळून तो सगळ्यांच्या आधी टेबलाशी जाऊन बसला.

पिंकर्नेलने दार उघडलं. आत नजर टाकली. या खेपेला 'कोणी नाही' म्हणाला नाही. टोपीला हात लावून तो खिडकीकडे बघून म्हणाला,

"मॉर्गेन, हेर डॉक्टर! आज लवकर?"

"मी इथे आहे," ब्राखमान टेबलावरून म्हणाला.

पिंकर्नेल खिडकीकडे बघत कान देऊन ऐकल्यासारखा उभा राहिला. मग मनापासून हसला. "हे बेस्ट होतं," तो म्हणाला. "वारा यादीत नव्हता! घरी सांगतो बायकोला." हसत हसतच तो गेला.

फ्राऊ ओल्डेकॉप आली. गालांवर थंडीची लाली होती. पिशवीतून तिने थर्मास काढला आणि दोन कपांत कॉफी ओतली. नेहमीची भाजलेल्या जवाची नव्हती. खऱ्या बियांची होती. तिचा वास त्या दालनात युद्धाआधीपासून कोणी घेतला नव्हता.

एक कप तिने स्वतःच्या टेबलावर ठेवला. दुसरा घेऊन ती चालत खिडकीपाशी गेली आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर, चार बोल्टांच्या जवळ ठेवला.

"मी ब्रेमेनला नकार कळवला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "राहतेय. तुम्ही तसं शनिवारी एवढं स्पष्ट बोललात, मग काय करणार?"

ब्राखमान उठला. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. इतक्या जवळ तो आजवर कधी उभा राहिला नव्हता. तिने हात पुढे केला आणि समोरच्या रिकाम्या जागेत, गळ्याच्या उंचीवर, काहीतरी नीट केल्यासारखी बोटं फिरवली.

"आणलात मफलर," ती म्हणाली.

कपातून वाफ निघत होती. ब्राखमानने वाकून, छातीत होता नव्हता तेवढा वारा गोळा केला आणि वाफेवर फुंकर मारली.

वाफ सरळ वर गेली. थोडं वर गेल्यावर मात्र ती दोन्ही बाजूंनी वळली, जणू तिच्या वाटेत कोणीतरी कप उचलायला वाकलं होतं.