दाहपटातली राणी

यंत्रात जाण्यापूर्वी प्रत्येकाला तीच सूचना मिळायची: बोलायचं नाही, चघळायचं नाही, आवंढासुद्धा शक्यतो गिळायचा नाही. कुडाळजवळच्या त्या रुग्णालयात ती भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेली होती आणि तिच्याखाली कोणीतरी पेनाने ‘तंबाखूपण नाही’ असं जोडलं होतं. आत्माराम धुरींनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, कवळी काढून तंत्रज्ञ लोबोच्या हातात दिली आणि यंत्राच्या पट्ट्यावर मुकाट्याने आडवे झाले. इतका गुणी रुग्ण कित्येक दिवसांत पाहिला नव्हता, असं लोबो नंतर म्हणालासुद्धा.

दाहपट ही तपासणी एव्हाना लोकांच्या अंगवळणी पडली होती. पूर्वी मानेतल्या मोठ्या धमनीत चरबीचा थर साचला, की तो किती जाड आहे एवढंच डॉक्टर सांगू शकत. पण जाडीवरून फारसं काही कळत नाही. एखाद्याचा जाडजूड थर त्याला सुखाने नव्वदी गाठू देतो आणि दुसऱ्याचा पातळसा थर आतल्या आत धुमसत राहतो, एक दिवस फुटतो आणि अर्धं अंग लुळं करून टाकतो. प्रश्न त्या धुमसण्याचा, म्हणजे दाहाचा असतो. दाह असेल तिथे भक्षक पेशी गोळा होतात आणि अधाशासारखी साखर खातात. म्हणून दाहपटात एक किरणोत्सारी साखर शिरेतून द्यायचे. ती पेशींत शिरायची, चमकायची आणि लगेच बाहेर पडायची. त्यामुळे हाती येई तो एक हलता पट, आणि आग कुठे आहे, पेटतेय की विझतेय, ते पडद्यावर दिसे.

धुरींचा पट संगणकाने वाचला आणि निकाल दिला: डाव्या धमनीत तीव्र दाह, शस्त्रक्रिया तातडीने.

विभागप्रमुख डॉ. ऋजुता गावडे संगणकाच्या निकालावर डोळे मिटून सही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पट स्वतः लावून पाहिला. मानेच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना, सारख्याच आकाराच्या दोन पट्ट्या उजळत होत्या. थोडा वेळ चमकत, थांबत, पुन्हा चमकत. रोग इतका शिस्तीत वागत नाही. शिवाय त्या उजेडाने शेजारची धमनी पार झाकून टाकली होती.

“लोबो, हे आत बोलत होते का?”

“एक अक्षर नाही, मॅडम. ओठसुद्धा हलले नाहीत. मी कॅमेऱ्यात बघत होतो.”

“मग स्वरयंत्राचे स्नायू एवढी साखर का खातायत?”

ऋजुताने पहिल्यांदाच कागदावरचं नाव नीट वाचलं. आत्माराम धुरी. त्याखाली तिच्याच गावाचं नाव होतं.

आतू धुरी. जत्रेचा दहीकाला, म्हणजे रात्रभर चालणारं दशावतारी नाटक, देवळासमोरचं अंगण, ट्यूबलाइटभोवती किड्यांचा थवा आणि आईच्या शेजारी गोणपाटावर बसलेली, हातातलं गुळाचं खाजं चिकट होईपर्यंत न खाता तसंच धरून ठेवणारी ती स्वतः. पेटी सुरू व्हायची, झांज वाजायची आणि राणी येऊन बाकड्यावर बसायची. वनवासात टाकलेली राणी. तिचा मुलगा लढाईहून परतताना तिच्याच झोपडीशी पाणी मागतो, ती देते आणि तो आईला ओळखत नाही. दरवर्षी ऋजुता तिथे हमसून रडायची. ‘अगो, तो आतू धुरी. सकाळी नांगर धरता,’ असं आई समजावायची, पण ते तिला कधी पटलं नाही. ते दिवस इतके लांब गेले होते, की आपण ते विसरलोय हेदेखील ती विसरली होती. आता ते सगळे एकदम आठवले.

ती आत गेली. म्हातारा अंगावर चादर ओढून बसला होता.

“आतूकाका, मी गावड्यांची ऋजुता. तुमच्या पलीकडच्या वाडीतली.”

“मास्तरीण बायचा चेडू?” त्यांनी डोळे बारीक केले. “मोठी डॉक्टरीण झालंस मगो तू.”

“आत असताना काय करत होतात?”

“मी? काय नाय. गप पडान होतंय.”

“मनात?”

धुरी ओशाळले. “मनात राणी म्हणत होतंय. ता काय माज्या हातात नाय, बाय. आमच्यात सोंग लावन झाला काय कोण कोणाशी बोलत नाय. पेटी वाजासर तोंड मिटून बसाचा आणि सगळा मनात म्हणान घेवचा. तुमी म्हटलास, गप पड. मी गप पडलंय आणि ता आपसूक सुरू झाला.”

तोंड मिटलेलं, पण घसा प्रत्येक शब्दाला तयार होत होता. स्वरतंतू ताणले जात होते, सैल पडत होते, फक्त आवाज सोडलेला नव्हता. ऋजुताला हसू आलं. एवढ्या मोठ्या यंत्राला चकवायला पडद्यामागे बसायची सवय पुरली होती.

“तुमची नाटकमंडळी बंद पडून किती वर्षं झाली?”

“झाली बरीच. तरी रोज येता. न्हाताना, जेवताना. मोठ्यान म्हणूक गेलंय तर मधीच तुटता. नातवान मोबाइलात आवाज घेवचो म्हटल्यान, पण येकय वाक्य धड इला नाय. तोंड मिटल्यार मात्र सगळा येता. पेटी, झांज, सगळा. ताच काय ता माझ्याकडे रवलाहा.”

ऋजुताने त्यांना काही न लपवता सांगितलं. दाह असला तर मान उघडून धमनी साफ करावी लागेल. जागा अशी, की स्टेंटची जाळी बसवता येणार नाही. आवाजाची नस तिथूनच जाते आणि ती दुखावली तर एक स्वरतंतू कायमचा निपचित पडू शकतो. दाह नसला, तर गोळ्यांवर भागेल. पण ते कळायला घसा शांत हवा.

“तंतू हललो नाय, तर मनात तरी राणी बोलात?” धुरींनी विचारलं.

“माहीत नाही, काका. अजून कोणी तपासलेलं नाही.”

एवढं शिकून हे असं उत्तर द्यावं लागलं, याची तिला लाज वाटली.

पुन्हा आडवं व्हायची धुरींची तयारी होती, पण मन गप्प कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आकडे मोजून पाहिले तर दहाच्या आत राणी यायची. मग त्यांनाच सुचलं.

“दुसरो बोलाक लागलो काय मी गप होतंय. आमचा लिवलेला काय नसता. समोरचो काय बोलतलो ता ठावक नसता, म्हणान जीव कानात आणून ऐकाचा लागता. तू राणीच्या पोराचा भाषण कर. मी ऐकतंय.”

“मी? मला कुठे येतं?”

“तोंडाक येयत ता बोल. आमीय तसाच करत होतो.”

लोबोने गालातल्या गालात हसत ध्वनिक्षेपक पुढे सरकवला. साखर पुन्हा शिरेत गेली, पट्टा आत सरकला. विभागप्रमुखांनी खाकरून घेतलं.

“माते, फार दुरून आलो आहे. घसा कोरडा पडला आहे. पाणी मिळेल का?”

पडद्यावर दोन्ही पट्ट्या फिकट झाल्या. ती थांबली की पुन्हा उजळू लागायच्या, म्हणून ती बोलत राहिली. लढाईचं सांगितलं, घोडा मेल्याचं सांगितलं. लढाई संपली तेव्हा तिला दुसरं काही सुचेना, मग राजपुत्राने आपल्या घराचं सांगितलं. गाव सोडून शिकायला गेलो, माते. आई वाट बघायची. पुढच्या जत्रेला येईन म्हणायचो आणि कामं निघायची. एका जत्रेला आलो तेव्हा गोणपाट होतं, आई नव्हती. त्यानंतर देवळाकडे पाऊल वळलं नाही. आवाज फुटला तरी ऋजुता बोलत राहिली, आणि लोबो तोंड फिरवून उगाच एक बटण पुसत बसला.

घसा पूर्ण काळोखात गेला. त्या काळोखात, डावीकडे, धमनीच्या भिंतीत एकच ठिपका शिल्लक राहिला. तो चमकत-थांबत नव्हता. एकसारखा जळत होता.

लोबोने बोट दाखवलं. तिने पाहिलं होतं. तिने भाषण कसंबसं संपवलं आणि ध्वनिक्षेपक बंद केला. निकाल बरोबरच होता, फक्त संगणकाने भलत्याच उजेडाकडे बघून तो दिला होता. म्हाताऱ्याला सुटका झाल्याचं सांगायच्या आशेने तिने हे सगळं केलं होतं आणि आता तिलाच शस्त्रक्रियेची बातमी द्यायची होती.

पट्टा अर्धवट बाहेर आला. धुरींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“उद्या करूचा लागात, काका,” ती म्हणाली. गावची बोली कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडी आली होती.

“बरा.” त्यांनी हातातल्या सुईकडे बोट दाखवलं. “साकर अजून अंगात हा?”

“आहे थोडा वेळ.”

“मगे माका परत आत घाल. तुजा भाषण झाला. पोरग्यान येवढा सांगल्यार राणीन उत्तर देवचा नको?”

“मोठ्याने द्या ना. मी ऐकते.”

“मोठ्यान तुटता, बाय. सांगलंय ना.”

वैद्यकीय दृष्ट्या या चित्रणाची काहीच गरज नव्हती. ऋजुताने लोबोकडे पाहिलं. लोबोने पट्टा आत सरकवला आणि संगणकाचं वाचन बंद ठेवून नुसता पट चालू केला.

ठिपका जळतच होता. त्याच्या शेजारी दोन पट्ट्या हळूहळू उजळल्या, थांबल्या, पुन्हा उजळल्या. ही जुनी राणी नव्हती. त्या प्रसंगात राणी पाणी देऊन मुकाट्याने आत जायची, हे ऋजुताला पक्कं आठवत होतं. आज ती बोलत होती, थांबून थांबून, खूप वेळ, देवळाकडे न फिरकणाऱ्या लेकराला उद्देशून. उजेडावरून शब्द वाचायची विद्या अजून कोणाला अवगत नव्हती. उद्यानंतर तो घसा पुन्हा असा उजळेल का, हेही कोणी सांगू शकत नव्हतं. ऋजुता पडद्याला नाक लावून उभी राहिली. राणीने आपल्याला काय सांगितलं, हे आपण जिवंत असेतोवर या पटावरून कोणाला वाचता येईल का?